लाइटरूम ६ नंतर काय? रॉ फाइल्ससाठी सॉफ्टवेअर निवडताना

रानफूल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न आज लिहून काढते. थोडं लांबेल, पण अर्धवट माहितीवर कुणाला सल्ला द्यायला लावणं बरं नाही, म्हणून सगळंच सांगते.

मी साताऱ्याची. २०१५ पासून कॅननचा डीएसएलआर वापरते. ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबर सरेपर्यंत कासच्या पठारावर जमतील तितक्या फेऱ्या करते, आणि वर्षभर घरातली लग्नं, मुंजी, बारशी असतातच. कार्य कुणाकडेही असो, कॅमेरा माझ्याच गळ्यात असतो. पहिल्या दिवसापासून रॉमध्येच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीच्या फाइलमध्येच, फोटो काढले. आज ३८ हजारांच्या आसपास फाइल्स आहेत आणि सगळं काम लाइटरूम ६ मध्ये केलेलं आहे, अडोबीचं फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर, एकदाच पैसे भरून घेतलेलं ते.

यंदा कॅननचाच मिररलेस कॅमेरा घेतला. त्याच्या रॉ फाइल्स सीआर३ या नव्या प्रकारच्या. लाइटरूम ६ त्या उघडत नाही. यात त्याचा दोष नाही. ते २०१५ सालचं आहे, त्यात नव्या कॅमेऱ्यांची भर डिसेंबर २०१७ च्या ६.१४ आवृत्तीपर्यंतच पडली, आणि सीआर३ हा प्रकार आला २०१८ मध्ये. म्हणजे आता बदलणं आलंच.

बदलायची भीती वाटण्याचं एक कारण आहे. २०१८ मध्ये माझी हार्ड डिस्क गेली. रॉ फाइल्सची प्रत दुसरीकडे होती, ती वाचली. पण लाइटरूमचा कॅटलॉग, म्हणजे फोटोंवर केलेल्या कामाची नोंदवही, त्याच डिस्कवर होता आणि त्याची प्रत मी ठेवलेली नव्हती. तीन वर्षांचं काम गेलं. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो मी रात्री जागून एकेक करून नीट केले होते. फाइल्स सगळ्या परत मिळाल्या, पण त्या कॅमेऱ्यातून निघाल्या तशा, कोऱ्या. ते फोटो मी अजून पुन्हा केलेले नाहीत.

तर प्रश्न असे: दर महिन्याचं भाडं भरून लाइटरूम क्लासिक, म्हणजे त्याची आजची आवृत्ती, घ्यावं का? डार्कटेबल, रॉथेरपी ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर्स खरंच कामाची आहेत का? आणि जुन्या कामाचं काय करायचं? लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, विंडोज, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

मांडवशूट

ताई, मी सांगलीत लग्नाची फोटोग्राफी करतो, पोटापाण्याचा धंदाच तो. माझं उत्तर सरळ आहे: लाइटरूम क्लासिक.

एका लग्नात दोघे जण मिळून तीन-साडेतीन हजार फ्रेम काढतो. त्यातले चारशे निवडायचे, रंग जुळवायचे आणि आठ दिवसांत अल्बमवाल्याकडे पाठवायचे. निवडणं, एका फोटोची सेटिंग दोनशे फोटोंवर टाकणं, चेहऱ्याचा मास्क (तेवढ्याच भागावर काम करू देणारी निवड) एका क्लिकवर मिळणं, यात मला दुसरं काही त्याच्या जवळपास वाटत नाही. २०२३ पासून आलेल्या, दाणेदारपणा घालवणाऱ्या एआय डिनॉइजने तर हॉलमधले अंधारे फोटोही वापरता येऊ लागले. मात्र तुमच्या लॅपटॉपवर ते फार रेंगाळेल, त्याला ग्राफिक्स कार्ड लागतं.

भाड्याबद्दल लोक घाबरतात, म्हणून एक सांगतो. वर्गणी थांबवली तर फोटो अडकून पडत नाहीत. डेव्हलप आणि मॅप ही दोन दालनं बंद होतात. कॅटलॉग उघडतो, फोटो दिसतात, केलेल्या कामासकट एक्सपोर्टही होतात. नवीन काम तेवढं करता येत नाही.

तुमचा लाइटरूम ६ चा कॅटलॉगही क्लासिक सरळ उघडेल, सगळ्या एडिटसकट. ३८ हजार फोटोंच्या बाबतीत हा फायदा लहान नाही.

टर्मिनलवाला

मांडवशूट यांच्या धंद्यासाठी त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ताईंची गरज वेगळी आहे. आठ दिवसांत अल्बम देण्याची घाई त्यांना नाही. त्यांना हवंय ते केलेलं काम टिकणं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. रॉ फाइलमधली मूळ नोंद म्हणजे तयार चित्र नव्हे. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा, निळा यांपैकी एकाच रंगाची गाळणी असते. ही बायर मांडणी, कोडॅकच्या ब्राइस बायर यांचं १९७६ चं पेटंट. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरायचे, मग व्हाइट बॅलन्स, मग कॉन्ट्रास्ट. हे सगळं सॉफ्टवेअर करतं आणि प्रत्येकाची करण्याची रीत निराळी असते. म्हणून एका सॉफ्टवेअरमधली एडिट दुसऱ्यात जशीच्या तशी जात नाही. 'एक्सपोजर +०.७' हा आकडा नेता येतो. त्या आकड्यामागचं गणित नेता येत नाही.

त्यामुळे निवड करताना मी पहिला प्रश्न विचारतो तो हा: माझं काम नेमकं कुठे साठवलं जातं?

लाइटरूममध्ये ते कॅटलॉगमध्ये असतं. तो आतून एसक्यूलाइटचा डेटाबेस आहे. सांगितलं तर फोटोशेजारी एक्सएमपी फाइलही (एडिटची नोंद असलेली छोटी फाइल) लिहितो, पण सांगावं लागतं. डार्कटेबल डेटाबेस ठेवतंच, शिवाय प्रत्येक फोटोच्या बाजूला एक्सएमपी आपणहून लिहितं. फोल्डर उचलून दुसऱ्या मशीनवर नेलं की काम सोबत जातं. रॉथेरपीची तीच पद्धत, फक्त फाइल पीपी३. कॅननचं स्वतःचं फुकट डिजिटल फोटो प्रोफेशनल ही रेसिपी थेट रॉ फाइलच्या आतच लिहितं. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ बाजूला वेगळं फोल्डर करून त्यात ठेवतं.

दुसरा प्रश्न: हे बंद पडलं तर? अॅपलचं अॅपर्चर आठवत असेल. २००५ मध्ये आलं, मोठमोठे फोटोग्राफर त्यावर विसंबले, आणि २०१४ च्या जूनमध्ये कंपनीने ते थांबवत असल्याचं जाहीर केलं. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनावर ते चालेनासंच झालं. डार्कटेबल २००९ पासून आहे, रॉथेरपीचा सोर्स कोड २०१० मध्ये खुला झाला. उद्या आजच्या मंडळींनी काम थांबवलं तरी आजची आवृत्ती तुमच्या मशीनवर चालत राहील, आणि कोड कुणालाही पुढे नेता येईल. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या डीसीरॉचं असंच झालं. त्याच्या पायावर लिबरॉ उभं राहिलं आणि आज कितीतरी प्रोग्राम त्यावर चालतात.

मांडवशूट

टर्मिनलवाला, मुद्दा मान्य. पण शिकायला लागणारा वेळही सांगा की. मी डार्कटेबल दोनदा लावून बघितलं. फोटो उघडला की क्षणभर छान दिसतो आणि लगेच फिका, काळपट होतो. मॉड्यूल्सची, म्हणजे एकेका कामाच्या अवजारांची, तर गणतीच नाही. घर, नोकरी सांभाळून हे कुणी करायचं?

टर्मिनलवाला

वेळ लागतो, ते नाकारत नाही. मला पहिल्या महिन्यात एकही फोटो मनासारखा जमला नव्हता.

फिकं होण्याचं कारण सांगतो, ते कळलं की निम्मी भीती जाते. आधी दिसतो तो कॅमेऱ्याने रॉच्या पोटात ठेवलेला जेपीईजी. त्यावर कंपनीचा पिक्चर स्टाइल, कॉन्ट्रास्ट, शार्पनिंग सगळं झालेलं असतं. मग खरा रॉ उघडतो आणि डार्कटेबल त्यावर ते काहीच लावत नाही. म्हणजे फोटो बिघडला नाही, चुलीवर अजून ठेवलेलाच नाही.

मॉड्यूल्सपैकी सुरुवातीला पाच-सहा पुरतात. आधी एक्सपोजर वाढवून चेहरा किंवा फूल योग्य उजेडात आणायचं, आकाश उडालेलं दिसलं तरी घाबरायचं नाही. ते सांभाळायला सिग्मॉइड आहे. रंगाचा तोल कलर कॅलिब्रेशनमध्ये, रंगाची खोली कलर बॅलन्स आरजीबीमध्ये, आणि शेवटी लेन्स करेक्शन, प्रोफाइल्ड डिनॉइज. सिग्मॉइड आणि त्याच कामाचं दुसरं मॉड्यूल फिल्मिक, दोन्ही एकदम लावू नका. बेस कर्व्हही त्यांच्यासोबत नको. यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओत ते दाखवतात आणि नवशिक्यांचे फोटो तिथेच बिघडतात.

८ जीबीवर चालतं. 'डिफ्यूज ऑर शार्पन' मात्र ग्राफिक्स कार्डाशिवाय लावू नका, प्रत्येक स्लायडरला थांबून राहावं लागेल.

पाणथळ

मी भिगवणला पक्षी काढतो. हिवाळ्यातल्या पहाटे, होडीतून, आयएसओ ६४०० च्या खाली क्वचितच. माझ्यासाठी नॉइज, म्हणजे फोटोतला दाणा, हाच निकष आणि त्यात डीएक्सओचं डीपप्राइम मला सगळ्यांत उजवं वाटतं. पिसांचे तंतू राहतात आणि पाण्यावरचा दाणा जातो. ते ज्यात आहे ते डीएक्सओचं फोटोलॅब एकदाच पैसे भरून घेता येतं. त्यांचं नुसतं प्युअररॉ घेतलं तर ते रॉचं साफ केलेलं डीएनजी (अडोबीचा खुला रॉ प्रकार) करून देतं, पुढचं काम हव्या त्या सॉफ्टवेअरमध्ये करा. एक अडचण आहे: ती डीएनजी मूळ फाइलच्या कितीतरी पट मोठी होते. मी फक्त निवडलेल्या फोटोंचीच करतो.

निकॉन झेड८, झेड९ वाल्यांसाठी सूचना: 'हाय एफिशियन्सी' प्रकारातल्या एनईएफ (निकॉनच्या रॉ फाइल्स) मुक्त सॉफ्टवेअरांना बराच काळ उघडता आल्या नाहीत. लॉसलेस कॉम्प्रेस्ड निवडा, डोक्याला ताप नाही.

नागपूरकर_फुजी

फुजीवाल्यांसाठी थोडं. आमच्या एक्स-ट्रान्स सेन्सरची मांडणी बायरपेक्षा वेगळी, ६ गुणिले ६ ची. त्यामुळे पानांच्या गर्दीत काही सॉफ्टवेअरांत किड्यांसारख्या वळवळ्या रेघा दिसतात. रॉथेरपी आणि डार्कटेबल दोन्हींत उरलेले रंग भरण्याची मार्केस्टाइन पद्धत आहे, ती लावून बघा. आणि फुजीचं एक्स रॉ स्टुडिओ फुकट आहे. कॅमेरा केबलने जोडायचा, सगळं गणित कॅमेऱ्यातला प्रोसेसरच करतो, लॅपटॉप कितीही जुना असला तरी अडत नाही.

अंधारखोली

रानफूल, तुमच्या आजीच्या फोटोंचं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितो आहे. माझं वय ७१. १९७८ ते २००४ माझी स्वतःची डार्करूम होती, घरातल्याच मोरीच्या शेजारी. तेव्हा आम्ही रोल धुतला म्हणायचो.

निगेटिव्ह एकदा धुतली की ती कायमची. पण प्रिंट करताना खरं काम असायचं. एन्लार्जरखाली कागद धरायचा, १४ सेकंद सगळीकडे उजेड, मग आकाशाला पुठ्ठ्यातल्या भोकातून आणखी ८ सेकंद, चेहऱ्यावर तारेला लावलेली चकती हलवत ३ सेकंद कमी. हे सगळं मी एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवायचो. निगेटिव्हचा नंबर, कागदाची ग्रेड, लेन्सचं छिद्र, सेकंद, आणि आकाश कुठून कुठवर भाजलं त्याचं पेन्सिलीने काढलेलं छोटं चित्र. दोन वर्षांनी कुणी तोच फोटो पुन्हा मागितला तर वही उघडायची.

टर्मिनलवाला ज्या बाजूच्या फाइलबद्दल बोलताहेत ती माझी वही आहे. तुमची निगेटिव्ह वाचली आणि वही गेली. पण वहीसुद्धा पूर्ण पुरत नसे, हेही सांगतो. माझा नेहमीचा कागद बाजारात मिळेनासा झाला तेव्हा वहीतले सगळे सेकंद चुकले. नव्या कागदावर नव्याने पट्ट्या काढून बघाव्या लागल्या. मात्र हातात एक छापलेला प्रिंट होता. तो समोर ठेवला की कुठे पोहोचायचं ते कळायचं.

म्हणून माझं सांगणं: सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, मनासारख्या झालेल्या फोटोची १६ बिटची टिफ (तयार चित्राची फाइल) करून ठेवा. सगळ्यांची नको, शंभरातल्या पाचांची. जागा खाते, खाऊ द्या. २० वर्षांनी रॉ उघडेल न उघडेल, टिफ उघडेल. आणि त्यातले दहा कागदावर छापून घ्या.

आणखी एक. ताबडतोब काही विकत घेऊ नका. कॅननचं फुकटचं आधी बघा. कॅमेऱ्यात दिसलेला रंग जसाच्या तसा तिथे मिळतो, तुलनेला पाया होतो.

पाणथळ

काका, प्रतिसाद फार आवडला. वहीतल्या एखाद्या पानाचा फोटो टाका ना.

रानफूल

काका, टर्मिनलवाला, मांडवशूटदादा, सगळ्यांचे आभार. आठ दिवस लावून केलं ते लिहिते.

जुन्या कामाचं आधी केलं. लाइटरूम ६ मध्ये सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस दाबलं. एक्सएमपी लिहायला जवळजवळ अख्खी रात्र गेली. त्याआधी एक शिकले: निवडलेल्या-नाकारलेल्या फोटोंना लावलेले झेंडे एक्सएमपीत जात नाहीत, कलेक्शन्स आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या दुसऱ्या एडिट) याही नाहीत. म्हणून झेंडे लावलेल्यांना आधी चार तारे दिले. डार्कटेबलने ते तारे, कीवर्ड वाचले, क्रॉपही बऱ्याच फोटोंत आला. रंग अर्थातच वेगळे दिसतात. दोघांच्या एक्सएमपींची नावं वेगळी असल्यामुळे एकमेकांवर लिहिलं जात नाही, हे बरं. एकाची आयएमजी_४५१२.एक्सएमपी, दुसऱ्याची आयएमजी_४५१२.सीआर२.एक्सएमपी. काकांच्या सांगण्याप्रमाणे चार ताऱ्यांच्या फोटोंच्या टिफ काढते आहे, ६१२ आहेत.

मग पाच अवघड फोटो घेतले आणि तेच पाच फोटो सगळीकडे करून पाहिले. सगळ्यांचं लिहीत नाही, दोन सांगते.

पहिला तेरड्याचा. सप्टेंबरमध्ये पठारावर ढगाळ उजेडात तेरड्याचा गुलाबी गालिचा पसरतो आणि माझ्या फोटोंत दर वर्षी तो सपाट रंगाचा पट्टा होतो, पाकळीवरची शीर दिसतच नाही. मला वाटायचं उजेड जास्त घेतला. डार्कटेबलमध्ये रॉमधलं ओव्हरएक्सपोजर दाखवणारी खूण आहे, ती लावली तर एकही बिंदू उडालेला नव्हता! माहिती सेन्सरमध्ये होती. स्क्रीनच्या एसआरजीबीत, म्हणजे तिला दाखवता येणाऱ्या रंगांच्या मर्यादेत, तो गडद गुलाबी मावत नाही, म्हणून त्यात बसवताना चिरडला जात होता. रंगाची खोली थोडी कमी केली, उजेड पाव स्टॉप खाली आणला आणि पाकळीच्या मध्यापासून कडेला जाणाऱ्या शिरा दिसायला लागल्या. बारीक तपशील रॉथेरपीच्या कॅप्चर शार्पनिंगमध्ये आणखी स्वच्छ आला. फुलांच्या जवळच्या फोटोंसाठी ते ठेवणार आहे.

दुसरा मावसबहिणीच्या हळदीचा. मांडवात एका बाजूने पिवळा बल्ब, दुसऱ्या बाजूने निळे-जांभळे एलईडी. एका गालावर हळद, दुसरा गाल जांभळा. हळद निळा रंग शोषून घेते, त्यामुळे त्या गालावर निळा जवळपास शून्य, आणि ओली हळद कुठे संपते, कोरडी कुठे सुरू होते ते दिसेना. कॅननच्या सॉफ्टवेअरमध्ये एकूण रंग सर्वांत चटकन छान आला, पण गाल सपाटच राहिले. लाइटरूम क्लासिकच्या सात दिवसांच्या चाचणीत चेहऱ्याचा मास्क दोन सेकंदांत मिळाला, दादा म्हणतात ते शंभर टक्के खरं. डार्कटेबलमध्ये मला त्या एका फोटोला ४० मिनिटं लागली. पण कलर कॅलिब्रेशनमधलं गॅमट कम्प्रेशन (मर्यादेबाहेरचे रंग आत आणणारा स्लायडर) वाढवल्यावर हळदीतली बोटांची ओढ दिसली. मावशीने बोट फिरवल्याच्या तीन रेघा. त्या मी आधी कधी पाहिल्याच नव्हत्या.

मी डार्कटेबल घेते आहे. चाळीस मिनिटं मला परवडतात. माझे वर्षाला हजारभर फोटोच खरे करायचे असतात. दादांसारखं आठवड्याला चारशे करायचे असते तर क्लासिकच घेतलं असतं.

सीआर३ च्या डीएनजी करून लाइटरूम ६ मध्ये उघडता येतात, अडोबीचं डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, हेही करून पाहिलं. जुन्या आवृत्तीशी जुळणारी डीएनजी निवडली तर नीट चालतं. कुणाला बदलायचंच नसेल तर हा मार्ग आहे. फक्त मूळ सीआर३ पुसू नका, कॅननचं सॉफ्टवेअर डीएनजी उघडत नाही.

मांडवशूट

ताई, हळदीतल्या रेघांवरून माझ्याही जुन्या फाइल्स काढून बघतोय. एलईडीवाल्या बाजूच्या गालाचं काय केलंत? तिथे माझं घोडं नेहमी अडतं.

रानफूल

तो पूर्ण सुटला नाही, दादा. निव्वळ निळ्या एलईडीत लाल उजेड नसतोच, त्यामुळे त्या गालाच्या कातडीचा खरा रंग फाइलमध्ये नाहीच. कलर कॅलिब्रेशनची दुसरी प्रत त्याच गालापुरता मास्क लावून टाकली, रंगाची खोली निम्म्यावर आणली आणि उजेड किंचित वाढवला. जांभळा गेला, राखाडीकडे झुकलेला गाल राहिला. सावलीतला वाटतो. पुढच्या हळदीला एलईडीवाल्याला सांगून निळा बंद ठेवायला लावणार आहे.

टर्मिनलवाला

मास्कची कड पिसासारखी विरवा, तिथे फेदरिंग आहे. गाल आणि केस यांच्यामधली रेघ जाईल.

अंधारखोली

पाणथळ, वहीचं पान स्कॅन करून टाकलं आहे, निगेटिव्ह क्रमांक १०४०. रानफूल, आजीचे फोटो कुठवर आले?

रानफूल

काका, काल रात्री पहिला केला. आजीच्या नथीचे मोती दर वेळी पांढरे ठिपके व्हायचे. या वेळी तिन्ही मोत्यांवर खिडकीचं प्रतिबिंब दिसतंय. टिफ काढली, एक्सएमपीची प्रत दोन डिस्कवर ठेवली, आणि ८ गुणिले १२ चा प्रिंट उद्या आणायला जाते आहे.